चुकलेले दिवस

ज्वारी काढणीला आली आणि वस्तीवर मजूर मिळेना. माघ सरत आला होता. दोन दिवसांपासून वारं सुटलं होतं आणि वाळलेली ताटं एकमेकांवर घासून खडखडत होती. आणखी आठवडाभर उभी राहिली असती तर कणसं भुईवर आली असती. केराबाईचा नवरा सिदू दिवाळी झाल्यावरच मेंढरं घेऊन भीमेच्या अंगाला गेला होता, तो पाडव्याशिवाय परतणार नव्हता. मुलगा जोतिराम चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला. सकाळी मोटरसायकल काढली की दिवेलागणीला घरी. राहिल्या दोघी, केराबाई आणि तिची एकवीस वर्षांची पूनम. दोन एकर रान त्या दोघींनीच काढायला घेतलं.

ज्वारी मुळासकट उपटायची. ताट दोन्ही हातांनी धरायचं, कमरेतून हिसका द्यायचा, मुळांची माती पायावर आपटून झाडायची आणि मागं टाकायचं. दुपारपर्यंत तळहात सोलून निघतात. पाचोळ्याची कूस मानेला चिकटून आग होते.

पूनम तर रानात येण्याआधीच थकलेली असायची. पहाटे गावातल्या दीक्षाबरोबर ती पहिल्या एसटीनं मोहोळला जाई. तिथं पोलीस भरतीची तयारी करून घेणारी एक अकॅडमी होती. पळून, गोळा फेकून, उठाबशा काढून ती नऊला परत येई आणि पँट-टीशर्टवर बापाचा जुना शर्ट चढवून ज्वारीत शिरे. संध्याकाळी पुन्हा कालव्याच्या रस्त्यानं पळे. गेल्या महिन्यात आठशे मीटरला तिला तीन मिनिटं पाच सेकंद लागले होते. त्यातले पंधरा सेकंद कमी करायचे होते, आणि ते यंदाच. सिदूनं जाताना सांगून ठेवलं होतं, "ही एक भरती. न्हाय झालीस तर लगीन."

तिसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आली तेव्हा मागून हिसक्याचा आवाज येईनासा झाला. केराबाईनं वळून बघितलं. पूनम खाली बसली होती. एका हातानं तिनं उभं ताट धरून ठेवलं होतं. मग ते ताट हातातून सुटलं आणि ती कुशीवर कलंडली.

केराबाई धावली. घागरीतलं पाणी तोंडावर मारलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते, हात इतक्या उन्हात गार. डोळे उघडल्यावर ती म्हणाली, "कायबी न्हाय आई, चक्कर आली." आणि बाजूला तोंड करून पिवळं पाणी ओकली.

तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या बसल्या केराबाईच्या मनात आलं, ही पोर शेवटची बाजूला कधी बसली?

त्यांच्या घरात बिरोबाचा टाक होता. अडचण आली की चार दिवस बायकांनी दिवा लावायचा नाही, कोकरांना शिवायचं नाही. पूनम दारातनंच सांगायची, "आई, कोकरं तू पाज." मेंढरं गेल्यापासून सांगायचा प्रश्न उरला नव्हता. पण दिवा? दिवा तर ती रोजच लावत होती. संक्रांतीला लावला, दिवाळीला लावला. केराबाई बोटांची पेरं मोजत मागं मागं गेली.

"पूने, तुला अडचण कवा आलती?"

पूनमनं डोळे मिटून घेतले. "यील की."

"कवा आलती म्हनते मी."

"दसऱ्याच्या आदी."

पाच महिने होत आले होते. वारा ज्वारीतून सळसळत गेला आणि केराबाईनं उगाचच बांधाकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

त्या संध्याकाळी ती पोरीवर नुसती नजर ठेवून होती. जोतिराम आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. पूनम म्हणाली, "मला भूक न्हाय. मगाशी खाल्लंय." केराबाईला ते मगाशी आठवेना. जेवण जात नाही, चक्कर येते, ओकारी होते. तिला स्वतःच्या दोन्ही वेळा आठवल्या. तव्यावरची भाकरी करपली तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

"नवनाथच्या घरचा फोन आलता," जोतिराम घास चावत म्हणाला. नवनाथ म्हणजे सांगोल्याकडचं स्थळ. घरची शेती, स्वतःचा टेम्पो. "पुढल्या ऐतवारी पोरगी बगायला यायचं म्हनत्यात. भरती हुईल तवा हुईल. बगून तर जाऊ देत."

ओढणी पोटापुढं ओढून घेत पूनम आत गेली. थंडीसाठी घेतली असेल, पण केराबाईला ते तसं दिसलं नाही.

दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या वस्तीवरची एक पोरगी विहिरीत सापडली होती. पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली. त्या विहिरीला पायऱ्या होत्या, कठडा होता आणि ती पोर लहानपणापासून तिथं पोहत होती. पोलिसात कुणी गेलं नाही. त्या महिन्यात बायका पाणवठ्यावर एकमेकींशी हळू आवाजात बोलत, आणि पोरीचे भाऊ खाली मान घालून फिरत. केराबाईनं जेवणाऱ्या जोतिरामकडं बघितलं. त्याचा हात जड होता. रागाला आला की त्याला पुढचं-मागचं दिसत नसे, आणि बहिणीवर त्याचा जीव होता. जीव होता, याचीच तिला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी जोतिरामची गाडी डांबरी रस्त्याला लागेपर्यंत ती थांबली. मग रानात, चारी बाजूंनी ज्वारी उभी होती तिथं, तिनं पोरीला गाठलं.

"कोन हाय त्यो?"

"कोन त्यो?"

"मला शिकवू नगंस. त्यो अकॅडमीचा सर हाय का? ऋतुराज सर? फोनवर त्याचाच फोटो येतोय रोज."

"आई, त्यो डायटचा ग्रुप हाय. समद्या पोरी हाईत त्यात."

केराबाईला डायट कळलं नाही. खाली पडलेलं ताट तिनं उचललं आणि पोरीच्या पाठीवर ओढलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पूनम पळाली नाही. आठ-आठ किलोमीटर पळणारी पोर हात बाजूला सोडून उभी राहिली आणि म्हणाली, "हळू मार, नडगीवर नगं मारू."

ताट मोडलं. केराबाई तिथंच खाली बसली आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडली, आवाज बांधापलीकडं जाऊ नये म्हणून.

"कुनी न्हाय गं आई," पूनम म्हणाली. "बिरोबाची आन. मला बी कळंना काय झालंय. मलाबी भ्या वाटतंय."

"मग इतकं दिस गप का राहिलीस?"

"पोरी म्हनल्या, बॉडी फिट झाली की बंद पडती. खेळाडूंचं असंच असतं. पयल्यांदा मला बरंच वाटलं, कटकट गेली म्हनून."

केराबाईला तिच्यावर विश्वास ठेवायचा होता. पण विश्वास ठेवून चूक निघाली तर दिवस हातातून जाणार होते.

दुपारी ती पोरीला घेऊन मुक्ताबाईकडं गेली. मुक्ताबाई वस्तीवरची म्हातारी सुईण. जोतिरामलाही तिनंच हातात घेतलं होतं. आता पोरी दवाखान्यात जात, म्हातारीला कुणी बोलवत नसे. तिनं दार लोटलं, पूनमला घोंगडीवर आडवी केली आणि सदरा वर केला. पूनमनं तोंडावर ओढणी घेतली. म्हातारीची खरबरीत बोटं बेंबीखाली दाबत दाबत फिरली, थांबली, परत फिरली. केराबाई दाराला पाठ लावून उभी होती.

म्हातारीची बोटं वर सरकली. बरगड्या मोजाव्यात तशी एकेकीवरून गेली. मग खाली, मांडीवर, पोटरीवर. नडगीच्या मधोमध अंगठा टेकला तशी पूनम ओरडून उठून बसली.

मुक्ताबाईनं सदरा खाली ओढला.

"पोटात कायबी न्हाय केरे," ती म्हणाली. "भाकरीसुदिक न्हाय."

केराबाईला एकदम कळलं नाही.

"माजा हात जुना झालाय, पर येवढं कळतंय. ही पोर उपाशी हाय. सोलापूरला बाईडाक्टरला दाखव, आजच्या उद्या. आन पाठीवर ह्ये वळ कशाचं हाईत?"

केराबाईनं पोरीला हाताला धरून उठवलं.

जोतिरामला तिनं कंबर दाखवायला जाते म्हणून सांगितलं. सकाळच्या एसटीनं दोघी सोलापूरला उतरल्या, रिक्षानं सात रस्ता चौकात आल्या. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. बाकावर पोटुशा बाया नवऱ्यांबरोबर बसल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीनं कागदावरून नजर न उचलता मोठ्यानं विचारलं, "पाळी चुकलेली पूनम कोण? मिस्टर आलेत का सोबत?" बाकावरची सगळी तोंडं वळली. पूनम उठली. लघवीसाठी दिलेली छोटी बाटली मुठीत लपवून ती कोपऱ्यातल्या दाराकडं गेली. चालताना तिचा उजवा पाय दुखत होता आणि ती तो दुखत नसल्यासारखा टाकत होती.

पुढची वीस मिनिटं केराबाईनं भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं बघत काढली. बघायचं नाही म्हटलं तरी नजर तिथंच जात होती. तिनं मनात ठरवून टाकलं होतं. तसं निघालं तर घरी जायचंच नाही. पोरीला घेऊन तशीच अक्कलकोटला भावाकडं जायचं. पुढचं तिला सुचत नव्हतं.

आत डॉक्टर धम्मप्रिया म्हणून तिशी-पस्तिशीच्या बाई होत्या. त्यांनी कागद बघितला आणि आधी केराबाईकडं बघून बोलल्या, कदाचित त्यांना रोजची सवय असावी.

"गरोदर नाहीये ती, मावशी."

केराबाईनं दोन्ही हात टेबलावर टेकले. मग पदरानं तोंड पुसलं आणि पूनमचा दंड धरून उठली. "चल."

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही ज्याला घाबरत होता ते नाहीये. पण मला भीती वाटावी असं बरंच आहे. बसा."

त्यांनी पूनमला काट्यावर उभं केलं. एक्केचाळीस किलो. मनगट धरून घड्याळाकडं बघत राहिल्या. "नाडी शेहेचाळीस. किती पळतेस?"

"सकाळी आठ किलोमीटर. सांजंला पाच-सहा."

"आणि रानातलं काम वेगळं. खातेस काय?"

पूनमनं आईकडं बघितलं.

"मला सांग."

"सकाळी एक केळ. दुपारी अर्दी भाकरी. सांजंला काकडी, न्हायतर तिबी न्हाय."

"मी दोन बांधून देते की," केराबाई म्हणाली. "दोन भाकरी, कालवण, शेंगदान्याची चटनी."

"कुत्र्याला घालते," पूनम खालच्या आवाजात म्हणाली. "सर म्हनले, पाच किलो कमी कर, पंदरा सेकंद आपोआप निगतील. मी नऊ कमी केलं. तरी निगंनात. मागच्या म्हयन्यात तीन मिनिटं पाच होतं, आता तीन मिनिटं अकरा."

"झोप?"

"डोळं मिटलं की शिट्टी ऐकू येती."

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, रक्त घ्यायला लावलं, खालच्या मजल्यावरून पायाचा एक्सरे काढून आणायला सांगितला. तो उजेडाला धरून त्यांनी पेनाचं टोक नडगीवर ठेवलं. केसासारखी रेघ होती.

"चीर पडलीय हाडाला. हे बघा मावशी, ही खाते थोडं आणि लागतं तिला दुपटी-तिपटीनं. वर भरतीची काळजी, लग्नाची काळजी, झोप नाही. शरीराला पुरत नाही तेव्हा ते जगण्यापुरती कामं चालू ठेवतं आणि बाकीची बंद करतं. पाळी आधी बंद करतं. पाळी गेली की हाडांचं बळ जातं. असंच दोन वर्षं चाललं तर पंचविशीत हिची हाडं म्हातारीची होतील."

केराबाई ऐकत होती. बहात्तरच्या दुष्काळाचं सासू सांगायची, आणि मधल्या एका दुष्काळात तिनं स्वतः बघितलं होतं. चारा संपला, मेंढ्यांची हाडं वर आली आणि त्या वर्षी कळपात एकही मेंढी फळली नाही. नर सोडून बघितला, माजावरच येईनात. सिदूला तेव्हा डॉक्टर लागला नव्हता. त्यानं सरळ मेंढरं उचलली आणि ओल्या मुलखात नेली. जनावराचं तिला कळलं होतं. पोरीचं कळलं नाही, आणि तिनं ताट उचललं.

"परत यील का पाळी?" तिनं विचारलं.

"येते. पोटभर खाल्लं, विश्रांती घेतली, डोकं शांत राहिलं तर येते. पण तारीख देणार नाही मी. महिने लागतात. आणि पळणं दोन महिने बंद. पूर्ण बंद."

"म्याडम, भरतीचं ग्राउंड अठरा दिसांवर आलंय," पूनम म्हणाली.

"पळशील. पहिल्या फेरीत हाड मोडेल."

मार खाताना न रडलेली पोर तिथं रडली. रानातल्या पाचोळ्यानं ओरबाडलेली मनगटं डोळ्यांवर दाबून हुंदके देत राहिली. डॉक्टरांनी तिची पाठ थोपटली तशी ती वेदनेनं आखडली. डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी केराबाईकडं बघितलं. केराबाईनं मान खाली घातली आणि वर केली नाही.

एक्सरेचा मोठा लिफाफा घरात लपवता आला नाही. जोतिरामनं तो संध्याकाळीच बघितला.

"कंबर दाखवायला गेलतीस न्हवं?"

केराबाईनं त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, पाळीचंही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो शब्द मुलापुढं उच्चारला. जोतिराम उठून दाराकडं गेला, परत आला.

"तुला काय वाटलं हुतं, आई?" त्यानं विचारलं.

"जे वाटायचं त्येच."

"आन मी काय करीन वाटलं हुतं?"

ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचा अर्थ त्याला लागला तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला. नंतर एवढंच म्हणाला, "भरती तर गेलीच. मग ऐतवारी नवनाथच्या मानसांना येऊ दे की."

"येऊ नगा म्हनून सांग. हाड मोडल्याली, उपाशी पोर मी कुनाच्या दारात न्हेऊन घालू? तुजा बा आल्यावर त्याच्याशी मी बोलते. हिला आदी खाऊ दे."

पूनमला खाणं जमत नव्हतं. अर्ध्या भाकरीला पोट दुखे, पाऊण भाकरीला ती रडे. फुगले, जाड झाले, सगळं गेलं, म्हणे. केराबाई समोर बसून एकेक घास संपेपर्यंत हलत नसे. पाळी परत यायला आषाढ उजाडला. पण तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा रोज सकाळी दोघी एकमेकींकडं बघत, आणि पूनम मान हलवून नाही म्हणे.

सोलापूरहून आल्यावर तिसऱ्या दिवशी केराबाई मोहोळला गेली. पूनम बरोबर होती, पण ती फाटकाशीच थांबली. हायवेलगतच्या मैदानावर चौदा पोरी ओळीनं उभ्या होत्या. पुढं वजनकाटा होता. ऋतुराज सर, शिट्टी गळ्यात, एकेकीला काट्यावर घेऊन मोबाइलमध्ये आकडा टाकत होते. पंचवीस-सव्वीसचे असतील. केराबाईला वाटलं होतं तसा राक्षस काही तो दिसत नव्हता. उन्हानं काळवंडलेला साधा पोरगा होता.

"पूनम दोन म्हयनं येनार न्हाय," ती म्हणाली. "तिच्या हाडाला चीर पडलीया."

"मावशी, नडगी सगळ्यांचीच दुखते. बर्फ लावायचा. ग्राउंड तोंडावर आलंय. आता सोडलं तर वर्षाची मेहनत गेली बघा."

"डाक्टरनी सांगितलंय."

"डॉक्टर सगळ्यांना विश्रांतीच सांगतात. त्यांना भरती माहीत नसते. ती कच खातेय जरा, दुसरं काही नाही."

केराबाईनं एसटीत ठरवलं होतं की हाडाचंच बोलायचं. डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढला.

"तिची पाळी बंद झालीया," ती म्हणाली. "पाच म्हयनं. न खाऊन आन पळून."

सरांची नजर मोबाइलमध्ये गेली. कान लाल झाले. "ते... मावशी, ते आपण नंतर बोलू. पोरी आहेत इथं."

"पोरी हाईत म्हनूनच बोलती."

ती ओळीकडं वळली. सगळ्या एकसारख्या दिसत होत्या. गालफडं बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली, डोळे मोठे. लांबून तिला यांच्यातून आपली पोर वेगळी ओळखता आली नसती.

"तुमच्यातल्या कुनाकुनाची बंद हाय गं?"

हायवेवरून एक कंटेनर धडधडत गेला. काट्यावर उभी असलेली पोर तशीच उभी होती, खाली उतरावं की नाही हे तिला कळत नव्हतं. सर म्हणाले, "मावशी, प्लीज," पण शिट्टी त्यांनी हातात धरून ठेवली, वाजवली नाही.

दीक्षानं हात वर केला. पूर्ण नाही, शाळेत उत्तर नीट येत नसताना करतात तसा, कोपरापर्यंत. तिच्या शेजारचीनं तिच्याकडं बघितलं आणि आपलाही केला. मग टोकाच्या उंच पोरीनं. मग दोघींनी एकदम. काट्यावरचीनं खाली बघतच हात उचलला. केराबाई मोजत गेली. सात, आठ, नऊ. एका पोरीच्या भीतीनं दोन दिवस तिला घास गिळवला नव्हता. आता नऊ हात तिच्यासमोर होते.

"तुमच्या आयांना म्हाईत हाय का?" तिनं विचारलं.

एकेक करून हात खाली आले.